पाळणा थांबवायचा कसा

१६२० च्या मे महिन्यात पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी कॉन्स्टँटिनोपलहून खुष्कीच्या मार्गानं घरी निघाला होता. वाटेत फिलिपोपोलिसला, म्हणजे आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिवला, सणासुदीची गर्दी होती. तिथं त्यानं झोपाळ्यांचे निरनिराळे प्रकार पाहिले आणि वहीत त्यांची चित्रं काढून ठेवली. त्यातला एक उभ्या चाकाचा होता. चाकाच्या कडेला लहान लहान बैठका टांगलेल्या आणि त्यांत मुलं बसलेली. चाक फिरलं की मूल कधी माथ्यावर, कधी जमिनीलगत. पण कुठंही असलं तरी ते सरळच बसलेलं, याचं मंडीला नवल वाटलं. लंडनच्या जकात-धक्क्यावर माल उचलणारी यारी जशी माणसांच्या ताकदीवर फिरते तसंच हे चाक फिरतं, असं त्यानं नोंदवलं. जत्रेतल्या पाळण्याचं युरोपी माणसानं केलेलं हे सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक.

दहा वर्षांनी हाच मंडी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. १६३० च्या नोव्हेंबरात तो तिथून आग्र्याला निघाला, तो खानदेशातून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यानं. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर हे त्या रस्त्यावरचे टप्पे. जहांगीराच्या दरबारी जाणारे इंग्रज वकीलही इथूनच गेले, आणि त्या काळच्या परदेशी प्रवाशांच्या वह्यांत ‘चोप्रा’ म्हणून येतं ते आपलं चोपडाच. पण या खेपेला मंडीच्या वहीत पाळणे नाहीत. वाटेत दुष्काळ होता, तुकोबांच्या चरित्रात येतो तोच. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेतं आणि धान्याच्या दाण्यासाठी चाललेली मारामार, हेच त्यानं लिहून ठेवलं.

त्या रस्त्याचं महत्त्व पुढं रेल्वेनं संपवलं. मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे जळगाव-भुसावळवरून निघून गेली. सुरतेकडून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास अमळनेरला पोचली आणि तिथून जळगावला जोडली गेली. दोन्ही मार्ग तापीच्या दक्षिणेचे, आणि चोपडा राहिलं उत्तरेला. आजही चोपडेकराला आगगाडी धरायची तर एस.टी.नं तापी ओलांडून अमळनेर, धरणगाव नाहीतर जळगाव गाठावं लागतं. त्यामुळे इथल्या कित्येक पोरांनी पहिली आगगाडी पाहिली ती गणपतीच्या आरासीत, रुळांच्या गोल कड्यावर धावणारी. तिच्या शेजारी बहुतेक वेळा एक पाळणाही असायचा, पुठ्ठ्याचा नाहीतर थर्माकोलचा.

हा इतिहास त्या छोट्या पाळण्याचा आहे. रेल्वेच्या प्रतिकृतीशेजारी उभा राहणारा, आपोआप फिरणारा आणि आपोआप थांबणारा पाळणा. यातलं ‘थांबणारा’ महत्त्वाचं. चाक फिरवायचं कसं हे मंडीच्या आधीपासून लोकांना ठाऊक होतं. हव्या त्या जागी ते थांबवायचं कसं, यावर मात्र चारशे वर्षं डोकी खर्च झाली.

खऱ्या जत्रेपासून सुरुवात करू. अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, धुळ्याला चैत्रात एकवीरा देवीची, सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार. आता तिथं टोराटोरा आणि ब्रेक डान्स आले, ‘मौत का कुवा’ तर कधीचाच आहे. पण या सगळ्यांच्या आधीपासून होता तो चार पेट्यांचा लाकडी पाळणा. दोन बाजूंना कैचीसारखे उभे केलेले खांब, मध्ये आडवा आस आणि त्यावर क्रॉस. इंजिन म्हणजे एक माणूस. समोर आलेली पेटी तो खाली दाबतो, मग पुढची, मग त्याच्या पुढची. उंच लोखंडी पाळण्यांवर तर पोरं सांगाड्यावरून माकडासारखी वर चढायची आणि माथ्यावरच्या पट्टीला लोंबकळून स्वतःच्या वजनानं चाक खाली ओढायची.

हे सगळं बघणाऱ्याच्या नजरेत भरतं. पाळणेवाल्याची खरी कसोटी त्यानंतर असते. फेऱ्या संपल्या की प्रत्येक पेटी नेमकी पायरीपाशी आली पाहिजे. आत कडेवर मूल घेतलेली बाई असते, चपला सांभाळणारे आजोबा असतात. पेटी वीतभर वर थांबली तरी उतरताना कोणीतरी पडणार. शिवाय एक पेटी रिकामी झाली की चाकाचा तोल जातो आणि जड बाजू स्वतःहून खाली यायला बघते. म्हणून जाणता पाळणेवाला माणसं ओळीनं बसवत नाही; एक पेटी भरली की समोरची भरतो, उतरवतानाही तसंच. बाकी सगळा ब्रेक त्याच्या टाचांत आणि दंडांत.

खानदेशाला हा प्रश्न रथामुळेही ओळखीचा. जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. तो ओढायला हजारो हात असतात, पण सगळ्यांचे डोळे मोगरी लावणाऱ्यांवर खिळलेले. मोगरी म्हणजे चाकाखाली सरकवायची लाकडी पाचर. वळणावर कोणत्या चाकाला, किती आणि कधी मोगरी द्यायची, यावर एवढ्या वजनाच्या रथाची दिशा आणि थांबा ठरतो. मोगरी लावण्याचा मान सांभाळण्यासाठी अनेक वर्षांचा सराव लागतो. दोर ओढणं कोणालाही जमतं.

आता हाच थांबवण्याचा प्रश्न शिकागोला. १८८९ मध्ये पॅरिसनं आयफेल टॉवर उभा केला, त्याला टोलेजंग उत्तर म्हणून १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं २५० फूट व्यासाचं चाक उभं केलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, आणि इकडे टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचं सालही तेच. फेरिसच्या चाकाला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावायची, म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसं हवेत. साडेपंचेचाळीस फूट लांबीचा घडीव पोलादी आस आणि फिरवायला वाफेचं इंजिन. तिकीट पन्नास सेंट, त्यात दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत चाक सहा वेळा थांबायचं आणि प्रत्येक थांब्याला सहा डबे एकदम भरले-रिकामे व्हायचे. दुसरी फेरी न थांबता, नऊ मिनिटांची.

सहा थांबे आणि प्रत्येकी सहा डबे, म्हणजे छत्तीस. पाळणेवाल्यानं टाचेनं सोडवलेला प्रश्न फेरिसनं वेळापत्रकात बसवला. आणि ब्रेक घेतला तो रेल्वेकडून, वेस्टिंगहाऊसचा दाबाच्या हवेवर चालणारा. धावती आगगाडी थांबवण्यासाठी निघालेलं यंत्र जगातला सर्वांत मोठा पाळणा थांबवायला लागलं. पाळणा आणि रेल्वे यांचं नातं खेळण्याच्या टेबलावर जुळण्याआधी असं खऱ्या लोखंडात जुळलं होतं.

खेळण्यांच्या दुनियेत हे दोघं वेगवेगळ्या वाटांनी आले. जर्मनीत गोपिंगेनच्या मार्क्लिन कंपनीनं १८९१ मध्ये लाइपझिगच्या बाजारात चावीवर चालणारी आगगाडी मांडली. तिचे रूळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखे होते, आणि रूळ, सांधे, स्टेशन ही सगळी नंतर एकेक विकत घेऊन वाढवता येतील अशी आखणी होती. न्युरेंबर्गला याच सुमारास खेळण्यातली वाफेची इंजिनं बनत होती. छोटा बॉयलर, स्पिरिटचा दिवा आणि एक फिरतं चाक. पण नुसतं चाक फिरताना बघून मूल किती वेळ रमणार? म्हणून त्याला पट्ट्यानं जोडायची पत्र्याची खेळणी निघाली. पाणी उपसणारा पंप, ऐरणीवर घाव घालणारा लोहार, घोड्यांची चक्री आणि उभा पाळणा. न्युरेंबर्गचा डॉल हा कारखाना अशा चक्र्या-पाळण्यांसाठी नावाजलेला होता. ती सुंदर खेळणी आज संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली आहेत. त्यांच्यात एकच उणीव होती. वाफ असेपर्यंत पाळणा फिरायचा आणि वाफ संपली की जिथं असेल तिथं उभा राहायचा. पत्र्याची बाहुली माथ्यावर अडकली तर अडकली.

इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीनं १९०१ मध्ये छिद्रांच्या पट्ट्या आणि नट-बोल्टचं पेटंट घेतलं, तेच पुढं मेकॅनो झालं. त्यानंतरच्या पिढ्यांनी पाळणा स्वतः जोडून बघितला. आपल्याकडे मेकॅनिक्सच्या संचानं तेच काम केलं. हिरव्या-लाल पट्ट्या, बोटाला टोचणारा पाना आणि दिवाणखान्यात दिवसभर हरवलेला एक नट. हातानं दांडा फिरवला की पाळणा फिरणार, हात काढला की थांबणार. नेमक्या जागी थांबायला मुलाचाच हात ब्रेक.

रेल्वेच्या प्रतिकृतींना मात्र थांबण्याचा प्रश्न टाळता येत नव्हता, कारण खऱ्या रेल्वेलाच तो टाळता आला नव्हता. एका रुळावर दोन गाड्या आल्या तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून मार्गाचे तुकडे पाडले गेले, एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. आपल्याकडे एकेरी मार्गांवर त्यासाठी नीलचं टोकन-यंत्र असायचं. दोन्ही स्टेशनांवर एकमेकांना तारेनं जोडलेल्या दोन पेट्या. पलीकडच्या मास्तरनं परवानगी दिल्याशिवाय अलीकडच्या पेटीतून लोखंडी गोळा बाहेर पडत नाही, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. ताप्ती व्हॅलीचा मार्ग अगदी अलीकडेपर्यंत एकेरीच होता. तिथल्या जुन्या प्रवाशांना क्रॉसिंगसाठी एखाद्या आडस्टेशनावर घालवलेले अर्धे-अर्धे तास आठवत असतील. तो वैताग त्या गोळ्यामुळे होता, आणि प्रवासी सुखरूप घरी पोचले तेही त्याच्यामुळेच.

घरातल्या टेबलावर १९३५ नंतर आगगाडी लहान झाली. आज जगभर जास्त चालणारं प्रमाण १:८७, रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. गाडी लहान झाल्यावर टेबलावर गाव मावू लागलं. गाव आलं की शाळा, चर्च, बाजार आणि मग जत्रा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये फालर बंधूंनी घरांचे नि झाडांचे संच काढले आणि पुढं त्यात मोटरवर फिरणारे पाळणे-चक्र्याही आल्या. याच कंपनीनं १९८९ मध्ये रस्त्यावर आपोआप चालणाऱ्या मोटारी आणल्या. रस्त्याखाली पोलादी तार पुरलेली असते आणि गाडीच्या पुढच्या चाकांना जोडलेलं चुंबक तिच्या मागं मागं जातं. बस थांब्यावर थांबवायची तर रस्त्याखाली विजेचं चुंबक ठेवायचं. ते चालू केलं की गाडीच्या पोटातला एक नाजूक स्विच उघडतो आणि मोटर बंद पडते. माझ्या मते त्या सगळ्या संचात डोकं लढवलेली जागा हीच आहे.

अमेरिकेत १९४६ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी रेल्वे-प्रतिकृतींचा क्लब काढला. त्यात दोन तट होते. एकाला टेबलाच्या वरचं जग प्रिय, डोंगर, झाडं, इंजिनाचा हुबेहूब रंग. दुसरा तट टेबलाखाली उताणा पडलेला. टेलिफोन कंपनीकडून आलेले जुने रिले जोडून कोणती गाडी कुठं थांबेल, कोणता सांधा कधी बदलेल हे ती मंडळी ठरवायची. काही वर्षांनी हीच पोरं विद्यापीठातल्या संगणकाच्या खोलीत रात्र-रात्र बसू लागली. आज जगभर चालणारा ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्याच बोलण्यातून पसरला. गाडी वेळेवर थांबवण्याच्या नादातून माणूस संगणकाकडे वळला, हे त्या क्लबच्या इतिहासात लख्ख दिसतं.

मराठी मुलखात हे सगळं कुठं घडलं? माझं उत्तर आहे, गणपतीच्या मांडवात. आपल्याकडे रेल्वे-प्रतिकृतींचे क्लब नव्हते, आयात खेळण्यांवर जबर कर होता आणि मध्यमवर्गीय घरात मोटर म्हणजे पंख्याची. पण दहा दिवसांसाठी काहीतरी हलतं-फिरतं करून दाखवायची हौस मात्र अफाट होती. त्यातून हलते देखावे आले. राक्षस मान हलवतो, देवी त्रिशूळ उचलते, मागं चक्र फिरतं, आणि घरगुती आरासीत डोंगर, बोगदा, आगगाडी, पाळणा. त्यामागची यंत्रविद्या शाळेत कोणी शिकवली नव्हती. ती गावातला वायरमन, सायकलवाला आणि गॅरेजवाला यांच्याकडून आली.

गॅरेजची देणगी म्हणजे वायपरची मोटर. भंगारात निघालेल्या गाडीच्या काचेवरची. बारा व्होल्टवर चालते, ताकद भरपूर आणि वेग बेताचा, त्यामुळे माणसाएवढ्या पुतळ्याचा हात ती सहज उचलते. ती उघडून बघितली तर आत एक दातेरी चकती दिसते आणि तिच्यावर तांब्याची कडी. त्या कडीला एका जागी खाच असते. पाऊस थांबला आणि ड्रायव्हरनं बटण बंद केलं तरी वायपर काचेच्या मध्यावर थांबत नाहीत, खाली आपल्या जागी जाऊन निजतात, ते या खाचेमुळे. बटण बंद झालं तरी कडीतून वीज येत राहते, खाच समोर आली की तुटते आणि मोटर तिथंच उभी राहते. म्हणजे घरी परत येऊन थांबायची अक्कल त्या मोटरीत आधीच भरलेली आहे. देखाव्यात ती बसवणारे बरेच जण मात्र त्यासाठीची वायर मोकळी सोडून देतात. आपल्याला फक्त फिरायला हवी ना, मग कशाला हवी ती!

घरच्या मखरातल्या चक्रासाठी आणखी एक स्वस्त मोटर चालते, मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी. थेट घरच्या विजेवर चालते आणि मिनिटाला पाच-सहा फेरे घेते. तिचा एक खोडकरपणा पाळणा करून बघणाऱ्यालाच कळतो. चालू करताना ती कोणत्या दिशेला निघेल याचा नेम नसतो. विजेच्या लाटेत ती ज्या क्षणी सापडेल त्यावर दिशा ठरते. आज पाळणा पुढं, उद्या मागं. चक्राला दोन्ही दिशा सारख्याच, म्हणून मखरात हे खपून जातं. माणसं बसलेल्या पाळण्याला ते शोभत नाही.

छोट्या गाडीची हौस मोठ्या आकारातही आपल्याकडे होती. पुण्याच्या पेशवे पार्कात ८ एप्रिल १९५६ रोजी फुलराणी धावली आणि महाराष्ट्रातल्या सहलींचा तो ठरलेला थांबा झाला. खानदेशाची स्वतःची छोटी गाडी मात्र खेळण्यातली नव्हती. पाचोरा ते जामनेर, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरची. सगळा जिल्हा तिला ‘पीजे’ म्हणायचा. शेंदुर्णी, पहूर अशी स्टेशनं घेत ती छप्पन्न किलोमीटर जायची. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता त्या मार्गाचं ब्रॉडगेज होणार. प्रतिकृती करणाऱ्यासाठी मात्र पीजे सोयीची आहे. तिच्या रुळांतलं ७६२ मिलिमीटर अंतर ८७ नं भागलं तर पावणेनऊच्या आसपास येतं आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. उलट आपलं ब्रॉडगेज. १६७६ भागिले ८७ म्हणजे एकोणीस मिलिमीटरच्या वर, आणि मिळणारे रूळ साडेसोळाचे. त्यावर भुसावळचं इंजिन ठेवलं की पाय आखडून उभं राहिल्यासारखं वाटतं.

टेबलावरच्या गावाची मराठी माणसानं केलेली सर्वांत मोठी कामगिरी पुण्यात कोथरूडला आहे. बी. एस. जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून तिथं छोट्या रेल्वेचं संग्रहालय उभं राहिलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांना खुलं झालं. एका मोठ्या दालनात एक अख्खं शहर. वेगवेगळ्या तऱ्हेच्या आगगाड्या, उड्डाणपूल, महामार्ग, दिव्यांचे खांब, पासष्टांहून अधिक सिग्नल, आणि करमणुकीसाठी सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून बघायचा सिनेमा.  जोश्यांच्या शहराचा प्रयोग संगणकावर चालतो. एक गाडी स्टेशनात शिरते तेव्हा दुसरी बाहेर थांबलेली असते, सिग्नल पडतो, मग ती निघते. पोरं गाड्यांच्या मागं नजर पळवतात. कधी गेलात तर थांबलेल्या गाडीकडे बघा. कोणत्या क्षणी आणि कशामुळे ती सुटते हे शोधण्यात खरी गंमत आहे. तीन वर्षांनी, २००१ मध्ये, जर्मनीत हँबुर्गला याच जातीचं पण आकारानं कितीतरी मोठं ‘मिनिआटुर वुंडरलँड’ उघडलं आणि जगभर गाजलं. कोथरूडचं दालन त्याच्या आधीचं आहे, हे पुणेकरांनी आतापर्यंत जगाला ऐकवलं नाही याचंच आश्चर्य.

आज चोपड्यासारख्या गावातला बारावीतला मुलगाही हे काम करू शकतो, कारण सुटे भाग टपालानं घरी येतात. इटलीत २००५ च्या सुमारास निघालेली आर्डुइनो ही हाताच्या पंजापेक्षा लहान संगणकी पाटी आणि २८बीवायजे-४८ नावाची स्टेपर मोटर. ही मोटर मुळात एसीतल्या हवेच्या पात्या वर-खाली करण्यासाठी असते. नेहमीच्या मोटरीला वीज दिली की ती पळत सुटते. ही पावला-पावलानं चालते. विक्रेत्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, एका फेऱ्याला २०४८ पावलं. आठ पेट्यांचं चाक करायचं तर हिशेब सोन्यासारखा. २०४८ भागिले ८ म्हणजे २५६. दोनशे छप्पन्न पावलं चालायचं, थांबायचं, पेटी भरायची, पुन्हा दोनशे छप्पन्न.

पहिल्या फेऱ्या सुरेख होतात. मग हळूहळू पेटी पायरीच्या किंचित पुढं थांबू लागते. थोड्या वेळानं दोन पेट्यांच्या मधली रिकामी जागाच पायरीपाशी येते. पोरगं प्रोग्रॅम तपासत बसतं आणि प्रोग्रॅम तर बरोबर असतो. खोट मोटरीच्या पोटातल्या दात्यांत आहे. आतल्या चाकांच्या दात्यांचा गुणाकार केला तर वेग चौसष्ट पटींनी कमी होत नाही, त्रेसष्ट पूर्णांक अडुसष्ट शतांश पटींनी होतो. म्हणजे खरा फेरा सुमारे २०३८ पावलांत पुरा होतो. प्रत्येक फेऱ्याला दहा पावलं जास्त पडतात, म्हणजे पावणेदोन अंश. आठ पेट्यांच्या चाकात दोन पेट्यांमध्ये पंचेचाळीस अंश असतात. पंचवीस फेऱ्यांत अख्खी एक पेटी पुढं सरकते.

इलाज वायपरच्या मोटरीतलाच. चाकाच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं चुंबक चिकटवायचं आणि खांबावर त्याच्या समोर हॉल सेन्सर नावाचा तीन पायांचा काळा तुकडा. चुंबक समोर आलं की तो खूण करतो आणि संगणक आपली मोजणी शून्यावर आणतो. दर फेरीला शून्य, त्यामुळे चूक साचतच नाही. वीज गेली आणि परत आली तर सगळ्यात आधी चाक हळूहळू फिरवून ते चुंबक शोधायचं, मग पुढचा खेळ. चोपड्यात वीज जाते हे गृहीत धरलेलंच बरं.

बाकीचं काम हाताचं. आस म्हणून सायकलचा आरा, त्याला बसायला बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा. पेट्या पिनेवर टांगायच्या आणि बुडाशी थोडं वजन लावायचं, नाहीतर त्या कलंडतात. इथं लहान आकाराची एक अडचण पुढं येते. आकार सत्त्याऐंशी पटींनी लहान झाला तरी झोका त्या प्रमाणात हळू होत नाही, उलट चपळ होतो. मीटरभर लांब टांगलेली खरी पेटी एका झोक्याला दोन सेकंद घेते. सेंटीमीटरभर टांगलेली प्रतिकृती सेकंदाच्या पाचव्या भागात झोका पुरा करते. चाक एकदम थांबलं की पेट्या थरथरतात आणि बघणाऱ्याला लगेच कळतं, हे खेळणं आहे. त्यावर दोन उपाय. पिनेला ग्रीसचा एक थेंब लावायचा आणि थांबताना शेवटची तीस-चाळीस पावलं हळू हळू टाकायची. जत्रेतला पाळणेवाला शेवटच्या पेटीला हातानं धरून जसं सावकाश खाली आणतो, तसं.

मग हे गाडीशी जोडायचं. फलाटावर गाडी आली की रुळालगतचा सेन्सर सांगतो, पाळणा चालू लागतो. फेरिसनं १८९३ मध्ये ठरवलेला क्रम इथंही चालतो, आधी थांबत थांबत भरणं, मग एक सलग दौड, मग पुन्हा थांबत रिकामं करणं. शेवटची पेटी रिकामी होईपर्यंत सिग्नल तांबडा. टोकनचा गोळा मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही, हा नियम दोन वायरींत मावतो.

येत्या गणपतीत कोणी हा पाळणा करणार असेल तर एक सांगणं. दुकानात गेल्यावर सगळे आधी मोटर मागतात. तुम्ही आधी चुंबक आणि हॉल सेन्सर घ्या. चाक हातानं फिरवून पेटी बरोबर पायरीपाशी थांबल्याची खूण मिळते का ते तपासा, आणि मगच मोटर जोडा. दोन्ही मिळून येणारा खर्च मोठ्या हारापेक्षा कमी आहे. आणि देखाव्याचा मागचा पडदा दोन हात उघडा ठेवा. शाळेतली मुलं आत वाकून बघतील, त्यांना बघू द्या.